वर्ध्याचा कागद, राजमहेंद्रीचं पेन

दोन वर्षांपासून बाबांच्या उजव्या हाताला कंप आहे. फार नाही, पण बॉलपेन दाबून धरलं की अंगठा भरून येतो आणि ओळ खाली घसरत जाते. बाबा तलाठी होते. संगणक येण्याआधीची सगळी वर्षं त्यांनी सातबारे हाताने लिहिले. अशा माणसाला दुधाचा हिशेब लिहिताना मध्येच थांबावं लागतं, हे मला बघवत नव्हतं. फाउंटन पेनाला दाब लागत नाही. निब कागदावर टेकली की शाई आपण होऊन उतरते, हात फक्त वळवायचा. म्हणून मी त्यांच्यासाठी चांगलं, जाड अंगाचं पेन शोधायला लागले.

पेन ऑनलाइनही मिळालं असतं. पण आम्ही वर्ध्याचे. मगनवाडी घरापासून चालत जायच्या अंतरावर. १९३५ साली गांधीजी तिथेच राहत होते आणि अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम तिथून चालत होतं. कुमारप्पा संघाचे सचिव. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वतः घडवलेलं पेन कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पाठवलं आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याहून पोच दिली. पेन वापरून पाहिलं, बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय दिसतंय, अशा अर्थाचं दोन-तीन ओळींचं पत्र. त्या रत्नम घराण्याचं दुकान आजही चालू आहे आणि पेनं आजही हातानेच घडतात, हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तिकडंच जाऊ नं. हात दाखवूनच घेऊ."

डिसेंबरातला एक आठवडा ठरला. निघायच्या आदल्या दिवशी मी हातकागदाचे वीस ताव घेतले आणि गुंडाळी करून पिशवीत घातले. वर्ध्याहून जायचं तर हात रिकामे नकोत.

पहिला दिवस

सेवाग्रामहून रात्रीची गाडी, सकाळी विजयवाडा, तिथून गाडी बदलून पुढचे साधारण दीडशे किलोमीटर. बल्लारशा कधी गेलं कळलंही नाही. विजयवाड्यानंतर मात्र खिडकी सोडवेना. एलुरू, ताडेपल्लिगुडेम, निडदवोलु... भात कापून झालेली ओली शेतं, बांधांवर नारळ, कालव्यातून सावकाश सरकणारं पाणी. आमच्याकडे डिसेंबरात तुरी उभ्या असतात आणि कापूस वेचणीला असतो. इथलं हिरवेपण वेगळंच, पाण्यात बुडवून काढल्यासारखं.

कोव्वूर मागे पडलं की गोदावरी येते. येते म्हणजे काय, गाडी पुलावर चढते आणि नदी संपतच नाही. आमची गाडी कमानींच्या नव्या पुलावरून गेली. शेजारी जुना हॅवलॉक पूल नुसता उभा होता. १९०० पासून १९९७ पर्यंत त्याने गाड्या वाहिल्या. डब्यातल्या बायकांनी खिडकीतून नाणी टाकली, बाबांनीही टाकलं. मग ते बोटं मोजत म्हणाले, "धामचं पाणी वणेत, वणेचं वर्धेत, वर्धेचं प्राणहितेत आणि प्राणहितेचं सिरोंच्यापाशी गोदावरीत. म्हणजे पवनारचं पाणीही इथूनच जातं." त्र्यंबकेश्वरची गोदावरी मला ठाऊक होती. आपल्या दारची धामसुद्धा इथवर येते, हे मी कधी मनात आणलंच नव्हतं.

गावाचं आताचं अधिकृत नाव राजमहेंद्रवरम. लोक सर्रास राजमंड्री म्हणतात, आणि आपल्या जुन्या मराठीत राजमहेंद्री. दुपारी बरंच ऊन होतं आणि हवा दमट. वर्ध्याहून घातलेला स्वेटर बाबांनी स्टेशनवरच काढून पिशवीत कोंबला, तो परत येईपर्यंत बाहेर आला नाही. तुम्हीही डिसेंबर-जानेवारीत गेलात तर एक पातळ शाल पुरे.

संध्याकाळी पुष्कर घाटावर बसलो. दर बारा वर्षांनी इथे गोदावरीचं पुष्करम भरतं. मागचं २०१५ मध्ये झालं. आरतीपर्यंत थांबलो. बाजूला बसलेल्या एका आजींनी विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, वर्धा, महाराष्ट्र. त्यांना वर्धा कळलं नाही, "गांधीजी, सेवाग्राम" म्हटल्यावर कळलं. कशाला आलात, तर पेन घ्यायला. त्यांनी हसून बाबांचा हात हातात घेतला आणि तेलुगूत बराच वेळ काहीतरी सांगितलं. त्यातला "रत्नम" तेवढा आम्हाला समजला.

दुसरा दिवस: दुकान

कोटगुम्मम म्हणजे किल्ल्याचं दार. किल्ला आता नाही, नाव राहिलं. तिथल्या गजबजाटात पेनाचं दुकान शोधायला दोनदा विचारावं लागलं. जाणाऱ्यांसाठी एक सूचना: रत्नम आणि रत्नमसन ही एकाच घराण्यातून पुढे आलेली दोन वेगळी नावं आहेत. गायडर हेही याच गावचं जुनं पेन. रिक्षावाल्याला नुसतं "पेनाचं दुकान" सांगितलं तर तो कुठेही नेऊ शकतो. आधी पत्ता पक्का करा आणि फोन करून जा. घरचा कारभार आहे, लग्नकार्य असलं की कुलूप असू शकतं.

दुकान लहान. काचेच्या कपाटात पेनं मांडलेली: काळी, चॉकलेटी, काळ्यात लाल लाटा असलेली. आत पाऊल टाकताच एक वास येतो, जळक्या रबराचा आणि गंधकाचा. तो एबोनाइटचा. रबरात भरपूर गंधक घालून ते तासन् तास तापवलं की लाकडासारखं कडक होतं आणि त्याच्या कांड्या करता येतात. प्लास्टिक येण्याआधी जगभर चांगली पेनं याचीच होत. हातात घेतलं की गार लागत नाही, घामाने निसटत नाही. मात्र वर्षानुवर्षं उन्हात राहिलं तर काळा रंग उडून शेवाळी होतो. तेव्हा पेन खिडकीत ठेवू नका.

भिंतीवर त्या पत्राची प्रत लावलेली होती. बाबा चष्मा पुसून जवळ गेले. पत्र लहान, तरी ते बराच वेळ तिथेच उभे होते. मग मला बोलावलं आणि वरच्या कोपऱ्यातल्या 'वर्धा' या शब्दाखाली बोट धरलं. काही बोलले नाहीत.

गल्ल्यावर बसलेल्या गृहस्थांनी ते पाहिलं. मोडक्या हिंदीत विचारलं, "सार, वर्धा से?" मी हो म्हटलं तसे ते उठूनच आले. रत्नम मूळचे सोनारकाम करणारे. गांधीजींनी त्यांना सांगितलं होतं की टाचणीपासून पेनापर्यंत लोकांच्या रोजच्या उपयोगाचं काहीतरी इथेच बनव, ही या घरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट आम्हाला तिथे उभ्याउभ्याच ऐकायला मिळाली. १९३२ पासून पेनाचं काम सुरू झालं. आधीच्या पेनात काही भाग परदेशी होते म्हणून ते गांधीजींना चाललं नाही, मग निबेसकट सगळं इथलं करून पुन्हा पाठवलं. सोनाराच्या हातांना निब अवघड नसावी. पातळ पत्रा, बारीक चीर, केसाएवढी फट... हे त्यांचंच काम.

मी कागदाची गुंडाळी पुढे केली. त्यांनी एक ताव उजेडात धरला, उलटसुलट केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि आत हाक मारली. आतून हाताला पांढरी भुकटी लागलेले एक वयस्कर कारागीर आले. दोघांचं तेलुगूत बोलणं झालं. त्यातला "कागितम" मी पकडला. आपल्या कागदाचाच भाऊ. असेच आणखी दोन शब्द मिळाले: शाईला सिरा आणि निबेला पाळी.

कारागिरांनी बाबांना खुर्ची दिली, समोर त्याच तावाचा तुकडा ठेवला, एक साधं पेन हातात दिलं आणि लिहा अशी खूण केली. बाबांनी काय लिहावं? "गाव नमुना सात, अधिकार अभिलेख पत्रक." तीस-पस्तीस वर्षांची सवय, हात आपोआप तिकडेच गेला.

मला वाटलं होतं, ते अक्षर बघतील. ते अक्षराकडे बघतच नव्हते. बाबांचं मनगट, बोटं पेनाला कुठे धरतात, पेन कागदावर किती आडवं होतं, हे बघत होते. एकदा खाली वाकून बोटांच्या खालून पाहिलं. मग कपाटातून चार पेनं काढली, एकेक देऊन तीच ओळ पुन्हा लिहायला लावली. चौथं चांगलं जाड होतं, मुठीत भरेल असं. ते धरल्यावर कंप एकदम कमी दिसला. बाबा म्हणाले, "हे हातात बसतं."

पण निब अडत होती. हातकागदात सुताचे तंतू असतात. बारीक निबेची टोकं त्यांत गुंततात, वर शाई पसरते. वर्ध्यात आम्ही याला कागदाचा दोष म्हणतो. कारागिरांनी डोळ्याला भिंग लावलं, निबेची दोन्ही टोकं पाहिली. एक केसभर वर होतं. नखाने दाबून ते सरळ केलं, मग जाड निब घेऊन बारीक पॉलिश कागदावर इंग्रजी आठाचा आकडा काढत ती घासली. पाच-सहा वेळा, मग भिंग, पुन्हा घासणं. निबेखालची एबोनाइटची जीभ दिव्यावर जराशी तापवून निबेला दाबून बसवली. एबोनाइट उष्णतेने मऊ होतं आणि निबेच्या पाठीला घट्ट चिकटून बसतं. फट राहिली तर शाई तुटत येते. हे सगळं करताना ते दर वेळी वर्ध्याच्याच तावावर चालवून बघत होते. गुळगुळीत कागदाची वही बाजूलाच पडली होती, तिला त्यांनी हात लावला नाही.

अर्ध्या तासाने बाबांनी पुन्हा लिहिलं. गाव नमुना सात. ओळ सरळ गेली. तीन शब्द, चार शब्द, पूर्ण ओळ. निब अडली नाही. मी बाहेर रस्त्याकडे बघत राहिले, कारण डोळे भरले होते आणि ते बाबांना दिसायला नको होतं.

पेन मात्र लगेच दिलं नाही. बोटं धरतात तो भाग बाबांसाठी थोडा खोलगट करून देतो, परवा या, म्हणाले. एक-दोन दिवसांत काम होईल असं पेन दुकानात तयार होतं हे आमचं नशीब. नव्याने घडवून हवं असेल तर कित्येक आठवडे थांबायची तयारी ठेवा आणि घाई करू नका.

आतली जागा बघू का, असं मी विचारलं. लेथ, कांड्यांची चळत, जमिनीवर काळा भुसा. कांडी कापायची, मधून पोकळ करायची, आटे पाडायचे, टोपण त्याला बसतं का बघायचं, मग पाण्याच्या पॉलिश कागदावर घासून घासून चमक आणायची. टोपण किती फेऱ्यांत बसतं तेसुद्धा कारागीर कानाने ओळखतात. आटा बरोबर पडला की फिरवताना आवाज येत नाही, त्यांनी मला फिरवून ऐकवलं.

शाईवरून बाबांची आणि गल्ल्यावरच्या गृहस्थांची चांगलीच जमली. बाबांना निळी-काळीच हवी होती. नोकरीच्या सुरुवातीला एका पावसाळ्यात दप्तराचं छप्पर गळलं आणि धुतली जाणारी निळी शाई वापरलेली पानं धुऊन निघाली. काळपट शाईच्या नोंदी तशाच राहिल्या. तेव्हापासून रॉयल ब्लू त्यांना सहीपुरतीही चालत नाही. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागली की काळी पडत जाते, कागदात मुरते, हे त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. गृहस्थांनी चेन्नईची ब्रिल दाखवली, कोलकात्याच्या सुलेखाचं नाव काढलं. १९३४ ची, तीही स्वदेशीच्याच लाटेतली. बाबांनी दांडेकरांच्या कॅमलचं सांगितलं. १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुड्या विकण्यापासून ते घर सुरू झालं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण बाटल्यांची नावं सगळी येत होती.

घेणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. ही पेनं बहुधा ड्रॉपरने भरायची असतात, शाई थेट पेनाच्या पोटात. भरपूर मावते, पण पोट अर्ध्याच्या खाली गेलं की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेवर थेंब येतो. म्हणून अर्धं झालं की भरून टाका. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. चकाकणारी किंवा चित्रकलेची शाई कधीच नको, ती जिभेच्या बारीक खाचांत वाळते. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा. गरम पाणी वापरू नका. आणि दुकानात जाताना तुम्ही रोज लिहिता तोच कागद बरोबर न्या.

तिसरा दिवस

हातात पेन नव्हतं, दिवस मोकळा. सकाळी पेसरट्टू, म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा, त्याच्या पोटात उपमा आणि बरोबर आल्याची आंबटगोड चटणी. बाबांनी दोन खाल्ले. मग धवळेश्वरम. सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ मध्ये इथे गोदावरीला बांध घातला आणि काल गाडीतून दिसलेलं ते सगळं हिरवेपण त्या पाण्यावर उभं आहे. जुन्या बांधाच्या जागी आता १९७० नंतरचं नवं बॅरेज आहे. शेजारच्या कॉटन संग्रहालयात तास गेला. तलाठ्याला कालव्यांचे नकाशे दाखवले की त्याला घाई करू नये.

दुपारी कंदुकुरी वीरेशलिंगम यांचं घर. डिसेंबर १८८१ मध्ये याच गावात त्यांनी विधवेचं लग्न लावून दिलं. लेखणीच्या जोरावर लढलेला माणूस. आपल्याकडच्या विष्णुशास्त्री पंडितांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. याच गावात, राजराजनरेंद्राच्या दरबारी, अकराव्या शतकात नन्नयाने महाभारत तेलुगूत आणायला घेतलं. पेनं या गावात उगाच घडत नाहीत, असं मला वाटून गेलं.

जेवणात पनसपोट्टू कूर, कोवळा फणस बारीक चिरून मोहरीच्या वाटणात केलेली भाजी. मिळाली तर सोडू नका. संध्याकाळी गावातलं प्रसिद्ध रोझ मिल्क. थंडगार, साय असलेलं, गुलाबी. मला एक ग्लास फार गोड झाला, बाबांना दुसरा हवा होता.

चौथा दिवस

दुकान उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर. पेन मऊ कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं. बोटांच्या जागी बेताची खोलगट कमान, उजेडात धरली तरच दिसेल एवढी. बाबांनी लिहिलं, कारागिरांनी पुन्हा खाली वाकून बोटं पाहिली आणि मान डोलावली. पैसे घेताना त्यांनी वीस तावांचे पैसे धरायचा हट्ट केला, आम्ही ऐकलं नाही. शेवटी शाईची एक बाटली त्यांनी पिशवीत टाकली आणि ताव अजून मिळतील का, विचारलं. निब तपासायला हाच कागद बरा, म्हणाले. याच्यावर जी चालते ती कुठेही चालते.

परतीच्या वाटेसाठी आत्रेयपुरमची पूतरेकुलू घेतली. उपड्या तापलेल्या मडक्यावर तांदळाच्या पातळ पिठात बुडवलेलं फडकं फिरवतात आणि क्षणात कागद सुटतो. अगदी कागदच, आरपार दिसणारा. त्यात तूप आणि गूळ किंवा साखर घालून घडी. फार दाबून बांधू नका, चुरा होतो. आमच्या दोन घड्यांचा झालाच. पेन गाडीत नेताना मात्र शाई काढून, निब वर करून नेलं. हे दुकानातून मुद्दाम बजावलं होतं.

गाडी पुलावर आली तेव्हा सकाळचं धुकं विरत होतं. बाबांनी या वेळी नाणं टाकलं नाही. खिशातून पेन काढून एकदा बघितलं आणि परत ठेवलं.

घरी आल्यापासून दुधाचा हिशेब पुन्हा त्यांच्याकडे आहे. कंप आहेच, लांब मजकुरात ओळ अजून थोडी उतरते. मागच्या सोमवारी त्यांनी राजमहेंद्रीला पत्र लिहिलं. हिंदीत, एक पान, निळ्या-काळ्या शाईत, हातकागदावर. पेन चांगलं चालतंय, आणखी पन्नास ताव सोबत पाठवत आहोत, असा मजकूर. लिहून झाल्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी जरा मोठ्या अक्षरात 'वर्धा' लिहिलं, खाली तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत पत्राला कुणाला हात लावू दिला नाही.